झायनचा बोगदा मोठ्या गाड्यांसाठी बंद: घाटातून कॅम्पपर्यंत ट्रेलर नेणं इतकं अवघड का असतं?

अमेरिकेतल्या युटा राज्यातलं झायन नॅशनल पार्क लाल दगडांच्या उंच कड्यांसाठी ओळखलं जातं. या पार्कमधून जाणारा एक घाटरस्ता आणि त्यावरचा जुना बोगदा सध्या चर्चेत आहे. ७ जून २०२६ पासून ठरावीक मापापेक्षा मोठ्या गाड्यांना या रस्त्यावरून जाऊ द्यायचं नाही, असा निर्णय नॅशनल पार्क सर्व्हिसने घेतला आहे.

याचा थेट परिणाम होणार आहे तो मोठी मोटरहोम, मागे ट्रेलर जोडलेल्या गाड्या आणि पर्यटक बसवर. अमेरिकेत गाडीच्या मागे राहण्याचा ट्रेलर जोडायचा, डोंगरात एखाद्या कॅम्पग्राउंडवर तो उभा करायचा आणि चार-आठ दिवस तिथे राहायचं, ही सुट्टीची फार जुनी पद्धत आहे. आता या पद्धतीला डोंगरातल्या रस्त्यांची मर्यादा आडवी येऊ लागली आहे.

हा निर्णय का घेतला गेला? मोठा ट्रेलर घाटातून नेताना नेमक्या काय अडचणी येतात? आणि कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आखणाऱ्या महाराष्ट्राने यातून काय घ्यावं?

निर्णय नेमका काय आहे?

झायन-माउंट कार्मेल हायवे हा पार्कच्या दक्षिणेकडचं प्रवेशद्वार आणि पूर्वेकडचं माउंट कार्मेल जंक्शन यांना जोडणारा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता. नव्या नियमानुसार ११ फूट ४ इंच म्हणजे सुमारे ३.४५ मीटरपेक्षा उंच, ७ फूट १० इंच म्हणजे सुमारे २.४ मीटरपेक्षा रुंद, ३५ फूट ९ इंच म्हणजे सुमारे १०.९ मीटरपेक्षा लांब किंवा ५०,००० पौंड म्हणजे सुमारे २२.७ टनांपेक्षा जड गाड्यांना पर्यायी रस्त्याने जावं लागेल.

यातली रुंदीची अट सगळ्यात जास्त लोकांना अडवणारी आहे. अमेरिकेत भाड्याने मिळणाऱ्या अनेक मोटरहोमची रुंदी आठ फुटांपेक्षा जास्त असते आणि छतावरच्या एसीमुळे उंचीही साडेतीन मीटरच्या पुढे जाते. म्हणजे फार अवाढव्य नसलेली, एका कुटुंबाने आठवड्यासाठी घेतलेली गाडीही या मापात बसत नाही.

पार्क मात्र या गाड्यांसाठी बंद झालेलं नाही. झायनमधलं वॉचमन कॅम्पग्राउंड दक्षिणेकडच्या प्रवेशद्वाराजवळ आहे. तिथे दक्षिणेकडून, स्प्रिंगडेल गावातून ट्रेलर घेऊन जाता येतं. बदल झाला आहे तो पूर्वेकडून घाट उतरून कॅम्पवर येणाऱ्यांसाठी.

रस्ता १९३० चा, गाड्या आजच्या

हा रस्ता आणि बोगदा १९२७ ते १९३० या काळात बांधला गेला. सुमारे १.८ किलोमीटर लांबीचा हा बोगदा वालुकाश्माच्या कड्यात कोरलेला आहे. त्या काळात तो अमेरिकेतला आपल्या प्रकारचा सर्वांत लांब बोगदा मानला जात होता. त्यात उजेड आणि हवा यावी म्हणून कड्याच्या बाजूने मोठ्या खिडक्या ठेवलेल्या आहेत. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की रस्ता अनेक तीव्र वळणं घेत दरीत उतरतो.

बांधणाऱ्यांच्या डोळ्यासमोर तेव्हाच्या मोटारी होत्या. आजच्या मोठ्या मोटरहोमच्या तुलनेत त्या अरुंद, बुटक्या आणि हलक्या होत्या. शिवाय बोगद्याचं छत कमानीसारखं आहे. मधोमध उंची भरपूर असली तरी कडेला ती कमी होते. त्यामुळे उंच गाडीला आपल्या लेनमध्ये राहून जाता येत नाही, तिला मध्यावर यावंच लागतं.

१९८९ साली फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या अभ्यासात हेच पुढे आलं. मोठ्या गाड्या बोगद्यातल्या वळणांवर मधली रेषा ओलांडल्याशिवाय जाऊच शकत नव्हत्या. त्यानंतर बोगद्याच्या दोन्ही तोंडांवर रेंजर नेमले गेले. मोठी गाडी आली की समोरची वाहतूक थांबवायची, बोगदा तेवढ्यापुरता एकेरी करायचा आणि ती गाडी मधून सोडायची, अशी पद्धत सुरू झाली. त्यासाठी १५ डॉलरचा परवाना लागायचा.

या पद्धतीत दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे प्रत्येक मोठ्या गाडीसाठी दोन्ही बाजूंना रांग लागायची. दुसरी जास्त महत्त्वाची. एकेरी वाहतुकीने बोगद्यापुरता प्रश्न सुटत होता, पण बोगद्याबाहेरची वळणं तशीच राहत होती. नव्या नियमात उंची आणि रुंदीबरोबर लांबी आणि वजनाचीही अट आहे, ती यामुळेच समजून घ्यायला हवी. बोगद्यात शिरण्यासाठी उंची-रुंदी पाहावी लागते, तर वळणांसाठी लांबी आणि रस्ता व पुलांसाठी वजन.

वळणावर ट्रेलर काय करतो?

पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ज्यांनी चौकात वळताना पाहिला आहे, त्यांना हे लगेच कळेल. ट्रॅक्टर मोठा फेरा घेऊन वळतो, पण मागची ट्रॉली त्याच्या चाकोरीतून जात नाही. ती आतल्या बाजूने कापत येते. आत उभा असलेला दुचाकीस्वार चिरडला जाण्याची भीती असते, ती यामुळेच.

राहण्याच्या ट्रेलरचंही तसंच होतं. ओढणारी गाडी आणि ट्रेलर जितके लांब, तितका मागचा भाग आत सरकतो. डोंगरातल्या तीव्र वळणावर हा फरक सहज एक मीटरच्या पुढे जातो.

वळण दरीच्या बाजूला असेल तर ट्रेलरचं आतलं चाक कठड्याकडे किंवा साइडपट्टीवर जातं. डोंगराच्या बाजूला असेल तर ट्रेलरचा वरचा कोपरा पुढे आलेल्या खडकाला घासतो. दोन्ही टाळायचं तर चालकाला वळणाआधी गाडी बाहेर, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये काढावी लागते. रुंद रस्त्यावर हे जमतं. अरुंद घाटात समोरून येणारा तिथेच असतो.

चढण्यापेक्षा उतरणं धोक्याचं का?

चढावर गाडी कमी पडली तर ती हळू होते किंवा थांबते. उतारावर ब्रेक कमी पडला तर वेग वाढत जातो.

एक साधा हिशोब पाहू. ओढणारी गाडी आणि ट्रेलर मिळून ५ टन वजन आहे आणि घाटात ३०० मीटर उंची उतरायची आहे. या उतरण्यात सुमारे ४ युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. वेग न वाढवता उतरायचं असेल तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. ती फक्त ब्रेकमध्ये जिरली तर तयार होणारी उष्णता सुमारे ४४ लिटर पाण्याला उकळी आणेल इतकी असते. आणि ती जिरवणार कोण, तर चाकांमधल्या काही किलो वजनाच्या डिस्क, ड्रम आणि लायनर.

ब्रेक सतत दाबून ठेवले तर ते तापतात, लायनरची पकड कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ब्रेकचं तेल जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळून पेडल पोकळ लागतं. म्हणूनच घाट उतरण्याचा मूळ नियम असा की, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, वेग इंजिनने धरून ठेवायचा आणि ब्रेक थोडा वेळ नीट दाबून सोडायचा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की इंजिनाची ही मदत पूर्ण जाते.

हे पुण्याच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर असे अपघात वारंवार झाले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात कंटेनर ट्रकच्या अपघातानंतर लागलेल्या आगीत अनेकांचे जीव गेले. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या जड वाहनांचा मुद्दा या उताराच्या चर्चेत सतत येतो. तिथला रस्ता रुंद आहे. तोच उतार अरुंद, वळणाचा असेल आणि मागे ट्रेलर असेल तर चुकीला आणखी कमी जागा उरते.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं म्हणूनच महत्त्वाचं आहे. ते नसतील तर ट्रेलरचं सगळं वजन पुढच्या गाडीला ढकलत राहतं. वळणावर जोरात ब्रेक लागला, तर ट्रेलर पुढच्या गाडीला बाजूने ढकलून दोघांचा कोन करतो. चाकूचं पातं मिटावं तशी ही स्थिती असते आणि एकदा ती सुरू झाली की स्टिअरिंगने सावरणं जवळपास अशक्य होतं.

सामान कुठे ठेवलं यानेही फरक पडतो

ट्रेलर डोलू लागला की चालकाला वाटतं वारा आहे किंवा रस्ता खराब आहे. अनेकदा खरं कारण आतल्या सामानात असतं.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर यावा, असा अमेरिकेतला सर्वसाधारण नियम आहे. पाण्याची टाकी, सायकली, जनरेटर असं जड सामान मागच्या टोकाला गेलं की हा भार कमी होतो. मग ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे हलायला लागतं आणि उतारावर वेग वाढला की हे हेलकावे मोठे होतात. उलट पुढे फार भार आला तर ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग बसतो, पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही सैल पडतात.

समोरून गाडी आली तर मागे कोणी यायचं?

अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, असा नियम भारतात आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या कायद्यातही तो आहे. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचलणं अवघड असतं, हे त्यामागचं कारण.

पण उतरणाऱ्याच्या मागे ट्रेलर असेल तर हा नियम पाळणंच कठीण होतं. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट दिशेने फिरवावं लागतं. ट्रेलरचं टोक उजवीकडे न्यायचं तर चाक आधी डावीकडे. त्यात चढ, मागे आंधळं वळण आणि एका बाजूला दरी. सरावलेला ट्रॅक्टरचालकही इथे खाली उतरून जागा पाहील.

आणि अनेकांना हा सराव नसतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मोटरहोम भाड्याने घ्यायला किंवा राहण्याचा साधा ट्रेलर ओढायला कारचं नेहमीचं लायसन्स पुरतं. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबंही सुट्टीत अशा गाड्या घेऊन झायन, ब्राइस कॅन्यन, ग्रँड कॅन्यनची सहल करतात. एरवी कार चालवणारा माणूस त्या आठवड्यात अचानक आठ-नऊ मीटर लांब गाडी घाटात चालवत असतो. फोनवरचं नकाशाचं सर्वसाधारण अ‍ॅप त्याला कारचाच रस्ता दाखवतं. गाडी किती उंच, किती लांब, हे त्या अ‍ॅपला माहीत नसतं.

इतर ठिकाणी काय केलं जातं?

झायनचा निर्णय पहिलाच नाही. माँटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन रोड हा १९३० च्या दशकात खुला झालेला रस्ता सुमारे २,०२६ मीटर उंचीच्या लोगन खिंडीतून जातो. त्याच्या डोंगरातल्या भागात २१ फूट म्हणजे ६.४ मीटरपेक्षा लांब आणि आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाड्यांना मनाई आहे. यात गाडी आणि ट्रेलरची लांबी एकत्र मोजली जाते. म्हणजे तिथे राहण्याचा ट्रेलर ओढत खिंड ओलांडणं जवळपास शक्यच नाही. लोक ट्रेलर खालच्या कॅम्पग्राउंडवर ठेवतात आणि कारने किंवा पार्कच्या शटल बसने वर जातात.

वायोमिंगमधल्या टिटन खिंडीत वेगळा मार्ग निवडला आहे. तिथे चढ-उतार १० टक्क्यांपर्यंत आहे, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता १० मीटर खाली उतरतो. तिथे हिवाळ्यात, १५ नोव्हेंबर ते १ एप्रिल, ट्रेलरला बंदी असते.

म्हणजे एकाच प्रश्नाची तीन उत्तरं दिसतात. मापावर मर्यादा, ऋतूवर मर्यादा, किंवा झायनमध्ये आजवर होती तशी परवाना आणि एकेरी वाहतूक. यातलं तिसरं उत्तर सगळ्यांना जाऊ देतं, पण गर्दी वाढली की तेच आधी कोलमडतं. त्यासाठी प्रत्येक गाडीमागे माणसं आणि वेळ खर्च होतो.

फटका कोणाला?

पूर्वेकडून झायनला येणाऱ्या मोठ्या गाड्यांना आता वळसा घालावा लागेल. माउंट कार्मेल जंक्शनहून कानाब, तिथून अ‍ॅरिझोनातलं फ्रेडोनिया आणि मग हरिकेनमार्गे स्प्रिंगडेल, असा हा एक मार्ग. ४० किलोमीटरच्या जागी हे अंतर दीडशे किलोमीटरच्या पुढे जातं. ब्राइस कॅन्यनहून निघणाऱ्यांनी आधीच पश्चिमेकडे वळून मोठा महामार्ग धरला, तर फरक कमी पडतो. पण त्यासाठी निघण्याआधीच हे माहीत असायला हवं.

अमेरिकेत निवृत्तीनंतर वर्षातला मोठा काळ मोटरहोममध्ये राहणारे अनेक जण आहेत. चालायला त्रास होणाऱ्या लोकांसाठी अशी गाडी हीच फिरण्याची सोय असते. बसने येणाऱ्या पर्यटकांना बोगदा आणि पूर्वेकडचा भाग वगळावा लागेल. वाटेवरच्या गावांतल्या पेट्रोल पंप, मोटेल आणि खाण्याच्या जागांचं गिऱ्हाईकही वाहतुकीबरोबर सरकतं. त्यामुळे या निर्णयाबद्दलची नाराजी समजण्यासारखी आहे.

तरीही दुसरी बाजू जड आहे. १९३० चा बोगदा रुंद करायचा तर कडा फोडावा लागेल, आणि तो कडा जपण्यासाठीच तर पार्क आहे. रस्ता वाढणार नसेल तर गाडीच्या मापावर मर्यादा आणणं एवढाच पर्याय उरतो. ती मर्यादा पायथ्याशी, महिनेआधी आणि आकड्यांत सांगितली तर लोक आपली सहल तशी आखू शकतात. वर वळणावर अडकल्यावर कळली तर त्या एका गाडीबरोबर मागची सगळी रांग अडकते, आणि त्या रांगेत कधीतरी अ‍ॅम्ब्युलन्सही असते.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावं?

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. जिथे हॉटेल उभं राहू शकत नाही किंवा बांधकामाला परवानगी नाही, अशा ठिकाणी पर्यटकांना राहता यावं, हा त्यामागचा विचार. स्वतः चालणाऱ्या कॅराव्हॅनबरोबर मागे जोडायच्या कॅम्पर ट्रेलरचाही त्यात समावेश आहे.

पण अशी ठिकाणं बहुतेक सह्याद्रीत आहेत आणि तिथे जायचं तर घाट चढावा-उतरावा लागतो. भोर आणि महाडला जोडणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे अनेकदा अवजड वाहनांसाठी, कधी सर्वच वाहनांसाठी बंद ठेवला जातो. आंबेनळी घाटातली वळणं एसटीच्या चालकांनाही कस लावतात. इथे ट्रेलरची संख्या अजून कमी आहे, म्हणून हा प्रश्न दिसत नाही.

संख्या वाढण्याआधी काही गोष्टी ठरवता येतील. प्रत्येक घाटासाठी चालेल अशी लांबी, रुंदी आणि उंची मोजून जाहीर करणं. ते फलक घाटाच्या तोंडाशी नव्हे, तर त्याआधीच्या शेवटच्या अशा ठिकाणी लावणं, जिथे ट्रेलर वळवता येईल. कॅराव्हॅन पार्क शक्यतो पायथ्याशी ठेवून वर जायला छोट्या बसची सोय करणं. आणि भाड्याने ट्रेलर देणाऱ्याने चालकाला तो मागे घ्यायला शिकवल्याशिवाय चावी न देणं.

घाटातून ट्रेलर न्यायचा असेल तर

ओढणारी गाडी आणि ट्रेलर यांची एकत्र लांबी, आरशांसकट रुंदी आणि छतावरच्या सामानासकट उंची मोजून कागदावर लिहावी आणि तो कागद डॅशबोर्डवर ठेवावा. भरलेल्या ट्रेलरचं वजन काट्यावर करून घ्यावं, अंदाजाने धरू नये.

कॅम्पग्राउंडला फोन करून शेवटच्या काही किलोमीटरबद्दल विचारावं. वळण किती तीव्र, समोरून गाडी आली तर कुठे थांबता येतं, आत ट्रेलर वळवायला जागा आहे का, हे तिथल्या माणसांना नेमकं माहीत असतं. शक्य असेल तर आधी ट्रेलरशिवाय एकदा जाऊन यावं.

उतार सुरू होण्याआधी थांबून जोडणी, साखळ्या, ट्रेलरचे ब्रेक आणि टायरची हवा तपासावी. खालचा गिअर वरच टाकावा. मागे रांग लागली तर जागा मिळताच बाजूला होऊन गाड्यांना जाऊ द्यावं. ब्रेकचा जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ते निवू द्यावेत, त्यावर पाणी ओतू नये. मागे घ्यावं लागलं तर एकाने खाली उतरून, चालकाला आरशात दिसेल असं उभं राहून सांगावं.

आणि माप बसत नसेल तर ट्रेलर पायथ्याशी ठेवून वर तंबूत राहावं. ग्लेशियरच्या खालच्या कॅम्पग्राउंडवर लोक अनेक वर्षं ट्रेलर ठेवूनच खिंड पाहून येतात. झायनला पूर्वेकडून येणाऱ्यांनाही यापुढे बोगदा पाहायचा असेल तर मोठी गाडी मागे ठेवूनच यावं लागेल.